एक जूनची माणसं

आमच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर वर्षभर वाढदिवसाचं एखाद-दुसरं नाव असतं आणि १ जूनला फळा पुरत नाही. त्या दिवशी केक एकच येतो आणि तो कापायला रांग लागते. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला बखोटीला धरून न्यायचा, गुरुजी जन्मतारीख विचारायचे आणि बाप म्हणायचा, "लावा तुमच्या हिशेबानं." पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का, हे बघून गुरुजी साल ठरवत. तारीख ठरलेलीच होती.

या तारखेवर मी शिकलो, सरकारी नोकरीला लागलो आणि निवृत्तही झालो. एक तारखेला जन्मलेल्याला आदल्या महिन्याच्या अखेरीसच घरी पाठवतात, त्यामुळे मी ३१ मेला घरी बसलो. गुरुजींनी २ जून लावली असती, तर एक पगार जास्त मिळाला असता. पण तेव्हा एवढी दूरदृष्टी कोणाला?

मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आणि तिनं आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज भरला. "बाबा, बर्थ सर्टिफिकेट तेवढं स्कॅन करून पाठवा," ती म्हणाली. तेवढं! माझा जन्म १९५४ सालचा, आजोळी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आला १९६९ मध्ये. त्याआधी गावात कोतवाल बुक असायचं. त्यातही बाळाचं नाव नसे, 'अमक्यास मुलगा' एवढीच बोळवण. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातल्या भल्या माणसानं रुमाल सोडून बघितलं, पण माझ्या सालाची पानं वाळवीनं आधीच वाचून काढली होती.

मग मला नोंद आढळत नसल्याचा दाखला मिळाला. हा कागद प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी हातात धरावा. अभिलेखाचा शोध घेतला असता सदर व्यक्तीच्या जन्माची नोंद आढळून आलेली नाही, खाली सही, गोल शिक्का. सरकारची एवढी वर्षं सेवा मी केली, पण ती जन्म न घेताच केली हे सरकारनं लिहून दिलं. कमाल म्हणजे अमेरिकेच्या वकिलातीला हाच कागद हवा असतो! जन्माचा दाखला नसेल, तर तो नसल्याचा दाखला आणा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडा, आणि तुमचा जन्म स्वतः माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं.

सत्तरीतल्या माणसाच्या जन्माचा साक्षीदार आणायचा कुठून? आईवडील गेलेले. मामा गेला. उरली मामी. वय सत्त्याऐंशी, कान ठणठणीत, दात स्वतःचे. तिला रिक्षात घालून तालुक्याच्या नोटरीकडे नेलं. नोटरी कोर्टाबाहेरच्या टपरीत, टेबलावर शिक्क्यांचं स्टँड आणि शाईनं जांभळं झालेलं पॅड. त्यांनी सवयीनं विचारलं, "आजी, यांच्या जन्माच्या वेळी हजर होता का?"

"हजर? पाणी मीच तापवलं."

"बरं. मग लिहितो, जन्म १ जून १९५४."

"कोण म्हणतं? गौरी जेवायच्या दिवशी झालाय हा. पुरणाचा घाट तसाच टाकून धावले मी. चूल विझली ती विझलीच, अख्ख्या घरानं दूध-भातावर दिवस काढला."

नोटरींनी माझ्याकडं पाहिलं. मी मामीला समजावलं की शाळेत, पासपोर्टावर, पेन्शनीच्या कागदावर, सगळीकडे १ जूनच आहे. ती म्हणाली, "असूदे की. देवाशपथ म्हणायचं आणि खोटं लिहायचं, हे मला जमायचं नाही बाळ्या." टपरीत बसलेल्या दोन अशिलांनी मान डोलावली. शेवटी नोटरींनीच मार्ग काढला: 'शाळेच्या नोंदीनुसार' हे दोन शब्द तारखेच्या आधी घातले. मामीनं ते तीनदा वाचून घेतलं, सही केली आणि बजावलं, "गौरीचंही खाली लिहा." लिहावं लागलं.

बायकोचं प्रकरण आणखी रंगलं. शाळेच्या दाखल्यावर ती कुसुम. लग्नात मी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्या टाळ्यांच्या बदल्यात स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं लागलं की, कुसुम आणि सुनंदा या दोन्ही एकच व्यक्ती आहेत. "यापैकी पेन्शनीत नॉमिनी कोण?" एवढंच तिनं विचारलं.

या अनुभवामुळं सोसायटीत मी बिनपगारी वकिलात झालो. शेजारची सूनबाई नेदरलँड्सला निघाली. तिथल्या नगरपालिकेत नाव लावायला जन्माचा आणि लग्नाचा दाखला लागतो, आणि त्यावर अपोस्टिल. हेग शहरात ५ ऑक्टोबर १९६१ रोजी देशांनी करार केला, की एकमेकांच्या शिक्क्यांवर विश्वास ठेवू. आपल्याकडे तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. चौरसाकृती दाखला, बाजू किमान नऊ सेंटिमीटर, आत दहा नोंदी, आणि कागद सांगोल्याचा असला तरी मथळा फ्रेंच.

पण हा दाखला सांगतो काय? सही खरी, सही करणाऱ्याचं पद खरं, शिक्का खरा. मजकुराबद्दल अवाक्षर नाही. निबंधकाची सही खरी असं मंत्रालय म्हणतं, मंत्रालयाची सही खरी असं परराष्ट्र मंत्रालय म्हणतं, आणि त्या खालच्या तारखेशी कोणालाच देणंघेणं नसतं. आमच्या गुरुजींनी कान मोजून लावलेली तारीख अशी मानानं हेगपर्यंत जाऊ शकते. शिक्क्यांसाठी दारोदार फिरताना या साऱ्या माणसांत तारखेवरून भांडणारी मला एकटी मामीच भेटली.

सूनबाईच्या भावाला दुबईला जायचं होतं. अमिराती या करारात नाहीत, म्हणून त्याच्या पदवीला त्यांच्या दूतावासाचाही शिक्का लागला. जर्मनीनं तर भारताच्या सहभागावर हरकतच घेतलेली, तिथं आपलं अपोस्टिल चालत नाही. हे सांगितल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे जर्मनीवाले माझ्याशी नीट बोलत नाहीत, जणू हरकत मीच घेतली.

आम्ही अखेर अमेरिकेत पोचलो. नोव्हेंबर आला आणि पेन्शन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला हवा झाला. मुलीनं गाडी काढली, आम्ही भारतीय वकिलातीच्या खिडकीपाशी उभे राहिलो. मी पुढे झालो, चांगला खाकरलो, नमस्कार केला. आतल्या गृहस्थांनी पासपोर्ट मागितला, मग पेन्शनचं पुस्तक, मग त्यांच्या झेरॉक्स. माझ्याकडं बघायला त्यांना सवडच नव्हती.

तेवढ्यात मामीचा फोन आला. तिकडं रात्र होती, पण ती झोपत नाही. "आता कसला कागद?" तिनं विचारलं.

"मी जिवंत असल्याचा."

"फोन दे त्याच्याकडं," मामी म्हणाली. "मी सांगते."