अँडोरा, सावधान!

चॅम्पियन्स करंडकासाठी भारतीय संघ पाकिस्तानात जाणार नाही, आपले सामने तो दुबईत खेळेल, हे ठरेपर्यंत कितीतरी पत्रं, बैठका आणि रुसवेफुगवे झाले. एवढं सगळं झाल्यावर २२ फेब्रुवारी २०२५ रोजी लाहोरच्या गद्दाफी स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाचे खेळाडू इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी गंभीर चेहऱ्याने रांगेत उभे राहिले आणि लाउडस्पीकरमधून सुरू झालं आपलं ‘जन गण मन’. दोनतीन सेकंदच. पण वऱ्हाड घरी राहिलं आणि वाजंत्री मांडवात वाजून आली! पाकिस्तानच्या बोर्डाने आयसीसीकडे बोट दाखवलं, की गाण्यांची यादी तुमच्याकडची, तेव्हा खुलासाही तुम्हीच करा.

आमच्या सोसायटीतले काका ही बातमी वाचून हळहळले. “अरे, मला विचारायचं ना!”

काकांचा अधिकार मोठा आहे. टपाल खात्यात नोकरी आणि रात्री शॉर्टवेव्ह रेडिओ, अशी त्यांची तीस वर्षं गेली. परदेशी केंद्र लागायचं म्हणजे आधी खरखर, मग शिट्टी, मग बऱ्याचदा एखादं राष्ट्रगीत. निवेदक केंद्राचं नाव सांगेपर्यंत आवाज विरून जायचा, म्हणून गाण्यावरूनच देश ओळखायचा. ओळखला की त्या केंद्राला पत्र टाकायचं, आणि कधीतरी महिन्या-दोन महिन्यांनी पोचपावतीचं रंगीत क्यूएसएल कार्ड यायचं. काकूंच्या मते हे व्यसनच, फक्त तंबाखूपेक्षा स्वस्त. या व्यसनापायी काकांना शंभरेक देशांची राष्ट्रगीतं नुसत्या चालीवरून ओळखता येतात. आजवर त्यांना एकाही देशाने बोलावलेलं नाही.

बोलवायला हवं होतं. मैदानावर खेळपट्टी बघायला क्युरेटर असतो, बॅट मोजायला माप असतं, खेळाडूच्या लघवीसाठी तर अख्खी प्रयोगशाळा असते. गाणं तपासायला मात्र एक पोरगा, एक लॅपटॉप आणि अकारविल्हे यादी. त्यात ‘अ’ हे अक्षर भलतंच घातकी. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्सवर अल्बानियाचा संघ आला आणि गीत वाजलं अँडोराचं. (अँडोराचा सामना तीन दिवसांनी होता, म्हणजे पोराने अभ्यास केला होता, फक्त पुढच्या पेपरचा.) अल्बानियाचे खेळाडू अडून बसले, आमचं वाजल्याशिवाय खेळणार नाही. शेवटी निवेदकाने जाहीर माफी मागितली. आर्मेनियाची! फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना अल्बानियाच्या पंतप्रधानांकडे दिलगिरी व्यक्त करावी लागली. काकांच्या मते त्या पोराला यादीतला पुढचा ‘अ’ देऊन थेट अर्जेंटिनाला पाठवायला हवं होतं.

तरी पॅरिसमध्ये वाजलं ते निदान कुठल्यातरी देशाचं होतं. २०१२ मध्ये कुवेतमधल्या नेमबाजी स्पर्धेत कझाकस्तानच्या मुलीने सुवर्णपदक जिंकलं. आयोजकांनी इंटरनेटवरून गाणं उतरवलं, ते निघालं ‘बोराट’ या टवाळ सिनेमातलं नकली राष्ट्रगीत, कझाकस्तानच्या पोटॅशियमची थोरवी गाणारं. ती बिचारी छातीवर हात ठेवून शेवटपर्यंत उभी. कझाकस्तान सरकार खवळलं, आयोजकांनी माफी मागितली, पदक पुन्हा दिलं, गाणं पुन्हा वाजवलं. पण पहिल्या वेळी उरलेला हॉल काय करत होता? तोही अदबीने उभाच होता.

मला पटलंय ते एवढंच, की राष्ट्रगीताचा आदर माणसाच्या पायात असतो. कानापर्यंत तो क्वचितच चढतो.

पाय रोवूनही भागत नाही अशी वेळ एखाद्यावर येते, तेव्हा तो ओठ हलवतो. १९९३ मध्ये जॉन रेडवुड नावाचे इंग्रज गृहस्थ वेल्सचे मंत्री झाले. वेल्सचं गीत वेल्श भाषेत, आणि साहेबांना वेल्शचा गंध नाही. तरी व्यासपीठावर त्यांनी मान डोलावत, ओठांचे नाना आकार करत गायल्याचं सोंग आणलं. कॅमेरा नेमका त्यांच्यावरच होता. माणसाने पुढे काहीही केलं तरी टीव्हीवाले आजतागायत ती फीत काढतात. त्यांच्या जागी आलेले विल्यम हेग शहाणे. त्यांनी खात्यातल्याच एका वेल्श तरुणीकडून शब्द शिकून घेतले आणि पुढे तिच्याशीच लग्न केलं. परक्यांचं राष्ट्रगीत पाठ केल्याचा याहून भरीव फायदा माझ्या ऐकिवात नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणतील, भरीव कोणासाठी?

काकांना मात्र फायदातोट्याशी देणंघेणं नाही. त्यांचा जीव चालीवर. लिख्टेनश्टाइनचं गीत ब्रिटिश राष्ट्रगीताच्याच चालीवर आहे, त्यामुळे २००३ मध्ये इंग्लंडशी त्यांचे फुटबॉल सामने झाले तेव्हा पोराला चुकायची सोयच नव्हती. स्पेनच्या गीताला शब्दच नाहीत. एकदा स्पर्धा घेऊन शब्द बसवले, तर इतका गदारोळ झाला की जानेवारी २००८ मध्ये ते मुकाट्याने मागे घेतले. डच गीतात नायक म्हणतो की स्पेनच्या राजाचा मी कायम मान राखला. हा नायक म्हणजे त्याच राजाविरुद्ध बंड केलेला सरदार! आपल्याकडे असं कडवं असतं तर आजवर तीन आयोग बसले असते.

काकांचं खरं दैवत म्हणजे सर्गेई मिखालकोव्ह. हे मूळचे बालकवी. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी एका सहकाऱ्यासोबत सोव्हिएत राष्ट्रगीत लिहिलं, त्यात स्टालिनची थोरवी. स्टालिन गेला, त्याचं नाव घेणं अडचणीचं झालं, तेव्हा वीसेक वर्षं ते शब्दांवाचून नुसतं वाजत राहिलं. १९७७ मध्ये त्यांनीच स्टालिन गाळून दिला. पुढे सोव्हिएत संघही गेला. २००० साली पुतिन यांनी जुनी चाल परत आणली, तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या मिखालकोव्हनी लेनिनही काढला आणि रिकाम्या जागी देव आणून बसवला. चाल तीच, कवी तोच. “पक्ष बदलणाऱ्यांनी यांचा फोटो देवघरात लावावा,” काका म्हणतात.

असा हिरा हाताशी असताना गेल्या पंधरा ऑगस्टला आमच्या कमिटीने काय करावं? काकांनी आदल्या दिवशीच सेक्रेटरींना सुचवलं होतं, की माझ्याकडे कॅसेट आहे, स्वच्छ, बावन्न सेकंदांची. सेक्रेटरी हसले. “काका, आता सगळं यूट्यूबवर असतं. तुम्ही फक्त उभे राहा.”

सकाळी आठला दोरी ओढली, फुलं पडली. सेक्रेटरींनी टेबलावरचा मोबाइल ब्लूटूथ स्पीकरला जोडला, बटण दाबलं, दोन पावलं मागे सरून ते ताठ झाले. आम्हीही झालो. स्पीकरमधून एक मुलगी भलत्याच उत्साहाने विचारू लागली, की तुमच्याही घरात उंदरांचा त्रास आहे का? कोणी हललं नाही. ए विंगच्या आजींनी डोळे मिटून घेतले. काका नजर झेंड्यावर ठेवून पुटपुटले, “स्किपचं बटण आलं असेल एव्हाना.” आलं होतंच, पण सगळ्यांचे हात विजारीच्या शिवणीला चिकटलेले.