सुरक्षित मतदारसंघ

महाराष्ट्रात उमेदवारी अर्ज कधी भरायचे ते निवडणूक आयोग सांगतो, आणि तो सांगेल तेव्हा खरं. एडिसनपासून क्युपर्टिनोपर्यंतच्या मराठी घरांत मात्र तारीख पक्की असते: १ नोव्हेंबर. अमेरिकेतल्या बहुतेक नामवंत विद्यापीठांत मुदतीआधी, म्हणजे ‘अर्ली’, अर्ज करणाऱ्यांसाठी हा शेवटचा दिवस. दिवाळी त्याच्याच मागेपुढे येते. त्यामुळे कित्येक घरांत चकल्या आणि ६५० शब्दांचा निबंध एकाच टेबलावर पाडले जातात.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते आणि तिचा मुलगा यंदा बारावीत आहे. त्यांनी एक कन्सल्टंटबाई लावल्या आहेत, मूळच्या नाशिकच्या. बाईंनी पोराला तुला काय आवडतं हे विचारलं नाही. “उभा कुठून राहणार?” हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हणजे अर्जात मुख्य विषय कुठला लिहिणार.

“कम्प्युटर सायन्स,” भाचा म्हणाला. बाई हसल्या. भारतीय मुलगा, न्यू जर्सी, रोबोटिक्स क्लब, गणिताच्या स्पर्धा आणि तोंडी लावायला तबला. या जागेवर एकेका शाळेतून डझनभर इच्छुक, आणि सगळ्यांचं जाहीरनाम्यातलं वाक्यसुद्धा एकच: लहानपणी मी आजोबांचा रेडिओ उघडला. बाईंनी स्क्रीनवर विषयांची यादी आणली आणि सुरक्षित मतदारसंघ दाखवायला सुरुवात केली. भाषाशास्त्र. मानववंशशास्त्र. क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीस आणि रोम. भाच्याने विचारलं, ग्रीक यायला लागेल का? नाही. प्रिन्स्टनने २०२१ मध्ये क्लासिक्सच्या विद्यार्थ्यांना ग्रीक किंवा लॅटिन शिकण्याची सक्तीच काढून टाकली. हार्वर्डमध्ये तर लोककथा आणि पुराणकथा हा स्वतंत्र मुख्य विषय आहे. “चिऊताईचं घर मेणाचं होतं, हे मला येतं,” भाचा म्हणाला. बाईंनी ते गंभीरपणे टिपून घेतलं.

आता सामान्य वाचक विचारेल, पोराला करायचंय संगणकशास्त्र, मग पुराणकथेतून कशाला उभा करता? वाचक भोळा आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने एवढं शिकवूनही जो वाचक ‘निवडून कुठून आला आणि बसला कुठे’ यांचा मेळ घालू पाहतो, त्याच्याविषयी मला आदर वाटतो, पण मदत करता येत नाही. आधी निवडून यायचं, मग मतदारसंघाच्या विकासासाठी पलीकडे जायचं.

मात्र पक्षांतरबंदी कायदा सगळीकडे सारखा नाही, आणि कन्सल्टंटला पैसे द्यायचे ते या माहितीचे. हार्वर्डमध्ये मुख्य विषय जाहीर करायचा तो दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात. स्टॅनफर्डला दुसरं वर्ष संपेपर्यंत वेळ. एमआयटीत पहिल्या वर्षी कुणालाच विषय नसतो. तिथे अर्जात काय लिहिलं होतं हे नंतर विचारायला कुणी येत नाही. याउलट कार्नेगी मेलनला संगणकशास्त्राचं स्कूलच वेगळं आणि त्याचा प्रवेशही वेगळा. बर्कलीत अर्ली अर्जाची सोय नाही, पण उदाहरण बोलकं आहे. तिथे पूर्वी दुसऱ्या विषयातून आत शिरून, ठरलेल्या ३ कोर्सांत ३.३ ची सरासरी काढली की संगणकशास्त्राचं दार उघडायचं. २०२३ च्या तुकडीपासून मात्र संगणकशास्त्रासाठी बहुतेकांना थेट त्याच विषयात निवडून यावं लागतं. इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनलाही बाहेरून संगणकशास्त्रात शिरणं जवळजवळ अशक्य. पण त्यांनी आघाडीचा मार्ग ठेवला आहे: संगणकशास्त्र अधिक भाषाशास्त्र, संगणकशास्त्र अधिक संगीत, संगणकशास्त्र अधिक पीकशास्त्र. हो, पीकशास्त्र. भाच्याच्या आजोबांनी सांगोल्याची शेती सोडून पुण्यात नोकरी धरली, बापाने पुणं सोडून अमेरिका गाठली, आणि आता नातू उभा राहणार पिकांच्या पाठिंब्यावर. आजोबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “पाणी आहे का तिकडं?”

कॉर्नेलची रचना मात्र मला मनापासून आवडली. तिथे अर्ज करताना एक कॉलेज निवडावं लागतं, आणि डायसन हे बिझनेस शिकवणारं प्रसिद्ध स्कूल मोडतं कृषी महाविद्यालयातही. कृषी खात्यातून व्यापार हे आपल्याकडे अनेकांनी करून दाखवलं आहे; त्याची पदवी देण्याचं धैर्य कॉर्नेलने दाखवलं.

शेवटी आमच्याकडे दक्षिण आशियाई अभ्यास हा विषय नक्की झाला. आता जागा घेतली म्हणजे काम दाखवायला हवं. अर्जात उपक्रमांसाठी १० जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. एवढ्यात वारकरी संप्रदाय बसत नाही, म्हणून बाईंनी मोडी लिपी सुचवली. ऑगस्टमध्ये चिरंजीव पुण्यात दाखल झाले. आईच्या ट्रंकेत सांगोल्याच्या जमिनीचा एक जुना मोडी कागद आहे, कडा वाळवीने खाल्लेल्या, मधोमध घडीवर फाटलेला. भाच्याने तो खिडकीशी नेऊन आजीच्या हातात दिला आणि आजी वाचून दाखवते आहे असा फोटो काढला. आईला मोडी येत नाही. कागद उलटा होता हे मी सांगितलं, तर भाचा म्हणाला, “मामा, ॲडमिशन ऑफिसमध्ये कुणाला कळणार आहे?” परतल्यावर उपक्रमांच्या १० जागांतल्या पहिल्या जागेत छापून आलं: आजीसोबत कौटुंबिक मोडी दस्तऐवजांचं जतन, आठवड्याला ३ तास. आजी ट्रंक वर्षातून एकदा उघडते, तीही लोकरीचे कपडे काढायला.

या पोराला खरं काय आवडतं ते मला ठाऊक आहे. रेल्वेची वेळापत्रकं. मेट्रोपार्क स्टेशनवर कुठली गाडी कुठल्या वारी किती उशिरा येते याची वही त्याने आठवीपासून ठेवली आहे, आणि एक गाडी चुकली की मागच्या चार का रखडतात हे तो जेवण गार होईपर्यंत सांगू शकतो. एवढं वेड असलेल्या पोरासाठी प्रिन्स्टनला चक्क एक विभाग आहे, ऑपरेशन्स रिसर्चचा. मी ती माहिती काढून उत्साहाने फोन केला. बहीण म्हणाली, “दादा, बाईंना विचारलं. त्या विभागाच्या नावात पुढे फायनान्शियल इंजिनिअरिंग आहे, त्यामुळे वॉल स्ट्रीटवाले सगळे तिथेच. वही नका दाखवू म्हणाल्या, प्रोफाइल विस्कटतं.” म्हणजे मोडी न येणारा मुलगा मोडीसाठी जीव टाकतो असं दिसणार आणि रेल्वेसाठी खरोखर जीव टाकणारा मुलगा ते लपवणार.

बरं, ‘अर्ली डिसिजन’ असेल तर ही उमेदवारी एबी फॉर्मसारखी एकाच पक्षाची. निवडून आलास तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. या करारावर मुलगा, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. मोठ्या खासगी विद्यापीठांत वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास जातो, आणि मिळणारी आर्थिक मदत घराला खरोखरच अपुरी पडली तरच करारातून सुटका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड असं बांधून घेत नाहीत. अर्ली अर्ज करताना दुसऱ्या खासगी विद्यापीठाकडे फिरकू नका एवढंच म्हणतात. उत्तर द्यायला १ मेपर्यंत मुभा. भाचा त्यांतल्याच एकाकडे उभा आहे, त्यामुळे त्याची निष्ठा निदान उन्हाळ्यापर्यंत विक्रीला मोकळी राहील.

आपल्या सीईटीवर मी आजवर भरपूर तोंडसुख घेतलं आहे, पण एक मान्य करतो. तिथे पर्सेंटाइल बघतात आणि सांगतात, तू यंत्र, तू स्थापत्य. स्थापत्यावर तुझं प्रेम का जडलं याचा निबंध कुणी मागत नाही. अमेरिकेतली जी विद्यापीठं विषयानुसारच जागा वाटतात, त्यांचंही मी समजू शकतो. प्रयोगशाळा तेवढ्या, शिक्षक तेवढे. पण ज्यांना दुसऱ्या वर्षापर्यंत विषय नकोच आहे, त्यांनी सतरा वर्षांच्या पोराकडून तो आधी का लिहून घ्यावा, आणि वर ‘हाच का?’ यावर उतारे का मागावेत? खोटं बोलायला शिकवण्याचं कामही अभ्यासक्रमात असेल तर त्याचे क्रेडिट तरी द्यावेत.

पुण्या-मुंबईतल्या समस्त मामा, मावश्या आणि काकांना हात जोडून विनंती: ऑक्टोबरअखेरपर्यंत अमेरिकेत फोन करून पोरांना “मग, काय ठरवलंस?” असं विचारू नका. १ तारीख उलटली की विचारा. तोवर आपल्याला काय आवडतं ते त्यांनी वाचलेलं असेल.