एकच रुमाल पुरतो

गणपतीपुळ्याला जाऊन यायला पुण्याच्या कुटुंबाला दोन दिवस लागतात, आणि जायचं ठरवायला दोन महिने. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो, मग त्याला समुद्राच्या फोटोचा डीपी लागतो, मग तारखांचा घोळ सुरू होतो. वहिनींच्या भावाचा साखरपुडा, मोठ्याची युनिट टेस्ट आणि कुणाची तरी संकष्टी यांतून जो शनिवार उरतो, त्या दिवशी हॉटेल भरलेलं असतं. ‘मला काय, कुठेही चालेल’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपात असतो आणि सुचवलेली प्रत्येक जागा नेमकी त्यालाच चालत नाही. एकट्याने निघणाऱ्याचा पहिला फायदा घराबाहेर पडायच्या आधीच पदरात पडतो. त्याची सभा दात घासता घासता उरकते आणि ठराव एकमताने मंजूर होतो.

अशा सभांतून काय निष्पन्न होतं, याचं शास्त्रोक्त उदाहरण टेक्सासचं आहे. जेरी हार्वी या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७४ साली आपल्या सासुरवाडीची हकिकत छापली. कोलमन गाव, जुलैतली दुपार, पारा ४० अंशांवर. पण पंखा चालू, गार लिंबू सरबत आणि डोमिनोचा डाव, असा सगळा सुखाचा मामला होता. तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, अ‍ॅबिलीनला जाऊन जेवू या का? मुलीने हो म्हटलं, जावयाने मान डोलावली, सासूबाईही तयार झाल्या. एसी नसलेल्या गाडीतून ५३ मैल जाणं, तितकंच येणं, मध्ये कॅफेटेरियातलं बेचव जेवण. धुळीने आणि घामाने माखून परतल्यावर उलगडा झाला की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनाही नाही; बाकीचे कंटाळले असतील म्हणून त्यांनी आपलं विचारलं होतं. याला आता ‘अ‍ॅबिलीन पॅराडॉक्स’ म्हणतात आणि मोठ्या पगाराच्या लोकांना तो प्रशिक्षणात शिकवतात. एकटा माणूसही रटाळ ठिकाणी जाऊन पोचतोच, पण निदान एका माणसाची तरी तिथे जायची इच्छा असते.

दुसरा फायदा सामानाचा. सहकुटुंब प्रवासात पिशव्यांचे ‘नग’ होतात आणि दर स्टेशनावर कुणीतरी ते मोजतं. बारा भरायला हवेत, भरतात अकरा. आरडाओरडा झाल्यावर बारावा नग मोजणाऱ्याच्याच खांद्याला लटकलेला सापडतो.

१८८८ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ची बातमीदार नेली ब्लाय हिने ८० दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा करायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा कचेरीत आक्षेप निघाला की बाईला सोबत लागणार आणि तिच्या ढीगभर ट्रंकांनी गाड्या चुकणार. १८८९ मध्ये ती निघाली ती १६ इंच रुंद आणि ७ इंच उंच अशी एकच हातपिशवी घेऊन, आणि ७२ दिवसांत परतलीसुद्धा. तिला छळलं ते पिशवीतल्या कोल्ड क्रीमच्या बरणीने. दरवेळी पिशवी बंद करताना ती बरणी आडवी यायची, असं तिनेच लिहून ठेवलंय. एकट्याच्या पिशवीतही एखादा नातेवाईक निघतोच.

आपल्याकडे एकट्याची खरी चंगळ एसटीत. गाडी फलाटाला लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही जुनी रीत. चौघांच्या कुटुंबाला रुमाल, टोपी, छत्री आणि शेवटी धाकटं पोरगं आत सोडावं लागतं; एकट्याला एकच रुमाल पुरतो. गच्च भरलेल्या गाडीतून कंडक्टर ‘मागं एक सीट आहे, सिंगल कोण आहे?’ अशी हाळी देतो, तेव्हा रांगेतली भरली कुटुंबं एकट्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर त्याला एरवी कधी लाभत नाही. शिवाय महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास आहे, चार किंवा सात दिवसांचा. कुटुंबाने तो काढला तर पहिला दिवस काय आवडतं हे ठरवण्यातच जाईल. एकटा मात्र महाबळेश्वरला म्हणून निघतो, वाईला उतरतो, कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीपाशी दुपार काढतो, आणि महाबळेश्वर राहिलं म्हणून त्याच्याशी कुणी अबोला धरत नाही.

जेवणाचंही तसंच. पाच जणांत एकाचा गुरुवार असतो, एकाला तिखट सोसत नाही, एकीला माशाचा वास येतो, पोरांना नूडल्स हवे असतात. मग मंडळी थेट मालवणात येऊन पनीर बटर मसाला खातात. एकटा माणूस सरळ खानावळीत शिरतो आणि फळ्यावर बांगडा आहे की सुरमई एवढं वाचून बसतो. थाळी ही मुळात एकट्यासाठीच केलेली सोय आहे. तळलेली तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, वाटीभर कालवण, भात, सोलकढी, आणि ‘जरा चव बघते’ म्हणून त्या तुकडीकडे वळणारा समोर एकही हात नाही. खानावळीच्या बाई दुसऱ्यांदा सोलकढी ओततात आणि मग विचारतात, “एकटेच आलात?”

हाच प्रश्न लॉजच्या काउंटरवर जरा वेगळ्या सुरात येतो. काही मालक एकट्या माणसाला खोली द्यायला कचरतात. न जाणो, कशासाठी आला असेल! तिथे नुसतं आधार कार्ड दाखवून भागत नाही. सकाळी चहा किती वाजता मिळतो, पोह्यांबरोबर शेव देता का, अशी उद्याच्या दिवसाबद्दलची आस्थाही दाखवावी लागते. खोली मिळते ती दोघांच्या दरात. टूर कंपन्यांच्या जाहिरातीतला आकडाही ‘ट्विन शेअरिंग’चा असतो, एकट्याला स्वतंत्र खोली हवी तर वरचे पैसे. स्टेशनवरचा रिक्षावालाही एकट्याला बघून भाडं कमी सांगत नाही.

हा भुर्दंड वसूल होतो तो माणसांत. शिकागो विद्यापीठाच्या निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली लोकल गाडीच्या प्रवाशांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोलणं जिवावर येईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच प्रवास मजेत झाला. कोकण रेल्वेच्या स्लीपर डब्यात हा प्रयोग होणं अवघड. गप्प बसणारा गट आणायचा कुठून?

पनवेल सुटायच्या आतच विचारणा होते, “काका, तुम्ही एकटेच ना? मग जरा त्या अप्परला जाता का? आजींना वर चढवत नाही.” लोअर बर्थ जातो. पण चिपळूणपर्यंत त्याच्या बदल्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आलेली असते, रत्नागिरीला आजींच्या गुडघ्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवला जातो आणि कणकवलीला नातीसाठी आलेलं स्थळ निघतं. मुलगा दुबईला आहे, तुम्हाला काय वाटतं? ज्याला घरी टीव्हीचा रिमोट मिळत नाही, त्याचं मत इथे मुलीचे आईवडील कान देऊन ऐकतात.

मीना प्रभूंना ही किमया चांगलीच ठाऊक होती. लंडनला भूलतज्ज्ञ असलेल्या या बाईंनी बऱ्याचदा एकटीने देश पालथे घातले. त्यांच्या ‘तुर्कनामा’ आणि ‘गाथा इराणी’ची पानं वाटेत भेटलेल्या माणसांनी भरलेली आहेत.

माणसंच टाळायची म्हटलं तर समुद्रावर जावं, पण तिथेही खात्री नाही. जोशुआ स्लोकम हा शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. १८९५ ते १८९८ एवढा काळ त्यात गेला. अझोर्स बेटांवर लोकांनी त्याला अलुबुखार आणि पांढरं चीज दिलं, ते त्याने पोटभर खाल्लं आणि भर समुद्रात पोटात मुरडा येऊन तो आडवा झाला. ग्लानीत त्याला सुकाणूपाशी एक उंच माणूस दिसला. तो म्हणे कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजावरचा होता आणि मदतीला आला होता. आल्या आल्या त्याने स्लोकमला सुनावलं, की चीजवर अलुबुखार खायला नको होते. म्हणजे पथ्याचा सल्ला द्यायला अटलांटिकच्या मधोमधही कुणीतरी चारशे वर्षांमागून येऊन पोचतं.

एकट्याचं महत्त्व रेल्वेलाही पटलेलं आहे. ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेला लोअर बर्थचा कोटा ६० वर्षांपुढचे पुरुष आणि ४५ पुढच्या स्त्रिया यांना मिळतो, पण तिकिटावर ते एकटे किंवा फार तर दोघं असतील तरच. त्याच तिकिटावर मुलगा, सून, नातवंडं चढली की कोटा गेला. शहाणी कुटुंबं म्हणून आजोबांचं तिकीट वेगळं काढतात. चार्टवर आजोबा एकटेच निघालेले असतात. भोवती सात माणसं, बारा नग आणि पाण्याचा एक कॅन.