उजवीकडच्याला आधी

तळेगाव दाभाड्याहून उर्स्याला द्रुतगती मार्गावर चढलेला गृहस्थ कोणत्या मार्गिकेतून जाईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. 2002 पासून पूर्ण खुल्या असलेल्या या रस्त्यावर प्रत्येक बाजूला तीन मार्गिका. अवजड वाहनांनी डावीकडे राहायचे, उजवीकडची केवळ पुढे जाण्यासाठी. नियम असा आहे. ट्रक उजवीकडे आहे.

हाच गृहस्थ रविवारी मुलांना घेऊन पुण्यातल्या मॉलमध्ये बोलिंग खेळायला जातो आणि चक्रावतो. शेजारच्या दोन लेनवर दोघे एकदम सरसावले, तर उजवीकडच्याने आधी टाकायचे, डावीकडच्याने थांबायचे. हॉर्नही न वाजवता!

फाउल लाइनवर पाय पडला, तर त्या चेंडूने पाडलेल्या पिना धरल्या जात नाहीत. पहिली पिन रेषेपासून 60 फुटांवर आणि मधली पट्टी तेल लावलेली. त्यामुळे पुढे घुसणाऱ्याला शिक्षा जागीच मिळते, पावती फाडावी लागत नाही. सिग्नलला झेब्रा पट्ट्यांवर चाक टेकवण्यात हयात गेलेल्याला हे जाचकच वाटणार.

भाड्याचे बूट मात्र तो निमूट चढवतो. त्यांच्याशिवाय लेनवर सोडतच नाहीत ना.