अद्याप न सापडलेल्या अर्धवेळ मावशींस खुले पत्र

प्रति,
अर्धवेळ मावशी (नियोजित),
कोथरूड, बावधन किंवा जिथून चालत येता येईल असा कोणताही पत्ता.

विषय : सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत तान्हे बाळ सांभाळण्याबाबत.

पुण्यात अर्धवेळ मावशींचा शोध बहुधा प्रसूती रजेचे तीन आठवडे उरले की सुरू होतो. तो आधीच सुरू करायचा असे प्रत्येक घरात ठरलेले असते, पण बाळाने रात्र आणि दिवस यांतला फरक मिटवून टाकल्याने ते राहून जाते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्यांपैकी ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ज्यांनी ते घेतले, त्यांचे बाळ रजा संपताना जेमतेम चार महिन्यांचे असते. वरणाच्या पाण्यालाही अजून अवकाश असतो.

म्हणून नियोजित मावशींची पहिली पात्रता दुधाची. आईने काढून ठेवलेले दूध खोलीत सुमारे चार तास आणि फ्रिजमध्ये सुमारे चार दिवस टिकते. ते गॅसवर चढवायचे नसते. वाटी कोमट पाण्यात ठेवून नुसता गारठा घालवायचा असतो. चार मुले वाढवलेल्या मावशी हे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी दूध उकळतात. यावर उपाय म्हणून फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवला जातो. तो इंग्रजीत असतो.

दुसरी पात्रता वयाची. तरुण मुलगी नको, ती फोनवर बसेल. वयस्कर बाई नको, तिचे गुडघे दुखतील. लहान मुले असलेली नको, खाडे होतील. मुले नसलेली नको, तिला काय कळणार? या चाळणीतून जी खाली पडते ती मावशी चाळिशीची, प्रपंचातून मोकळी झालेली, तरीही मायेने ओथंबलेली असावी लागते. काही घरे हा पेच गावाकडून ‘बाळाला खेळवायला’ बारा-तेरा वर्षांची मुलगी आणून सोडवतात. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ पासून बंदी आहे. ती मुलगी घरच्यासारखी राहते, तिला दिवाळीला ड्रेस घेतला, हा बचाव कायद्यात कुठेही नाही.

मावशी मिळण्याचे मार्ग मोजके आहेत. ब्युरो कमिशन घेतो आणि मावशी टिकल्या नाहीत तर बदली देण्याचे वचन देतो. बदली आली की मूळ मावशी शेजारच्या सोसायटीत दिसतात. वॉचमनला सगळ्या बायांच्या वेळा पाठ असतात, पण तो प्रत्येकीची शिफारस सारख्याच उत्साहाने करतो. खरी माहिती असते मालिशवाल्या बाईंकडे. सव्वा महिना, क्वचित तीन महिने, त्या घरोघरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालतात, शेक-शेगडी करतात आणि कोणती मावशी कोणत्या घरातून का सुटली हे जाणून असतात. कोणत्या घरातून मावशी वारंवार का सुटतात हेही त्यांना ठाऊक असते, त्यामुळे त्या कधीकधी कोणाचेच नाव सुचवत नाहीत.

वेळ नऊ ते एक लिहिली असली तरी बाळाची आई दुपारी एकला हिंजवडीतल्या ऑफिसात असते. उरलेला अर्धा दिवस आजी किंवा घरून काम यांवर सोपवलेला असतो. आजींचा दातांचा दवाखाना आणि घरून कामातली मीटिंग एकाच दिवशी आली की एकचे अडीच होतात. जादा दीड तासाचा हिशेब ‘बघू या की’ या सदराखाली ठेवला जातो. (पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असेही २०१७ च्या दुरुस्तीने ठरवले. मात्र त्यासाठी चार महिन्यांच्या बाळाने रोज सकाळी हिंजवडीची वाहतूक सोसायला हवी.)

पगाराची बोलणी थोडक्यात उरकतात, खाड्यांची लांबतात. महिन्याला दोन सुट्ट्या. त्यावर खाडा झाला तर पैसे कापणार. गावची जत्रा, मुलाचा ताप, नळाला पाणी न येणे ही कारणे धरली जाणार नाहीत. गंमत अशी, की त्याच आठवड्यात, त्याच टेबलावरून दुसरे एक पत्र ऑफिसला जात असते. त्यात सुरुवातीचे काही महिने लवकर निघू द्यावे, बाळ आजारी पडल्यास आयत्या वेळी रजा मिळावी आणि तिचा परिणाम पगारवाढीवर होऊ नये, अशी विनंती असते. दोन्ही पत्रांची भाषा सौजन्यपूर्ण असते. पहिल्यातले एकही कलम दुसऱ्यात टिकले नसते.

या दुसऱ्या पत्रामागे कायदा उभा आहे; मावशींच्या मागे तो फारसा नाही. प्रसूती रजेचा कायदा कारखाने, दुकाने, दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापना यांच्यासाठी झाला. घर म्हणजे आस्थापना नव्हे. मावशींच्या स्वतःच्या बाळंतपणात २६ आठवड्यांचा पगार कोणी देत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. अंगणवाडीची बालवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहान मूल वस्तीतल्या शेजारणीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे राहते, आणि मग बहिणीची शाळा बुडते. अर्धवेळ मावशी मिळवण्याच्या खटाटोपात हा मुद्दा निघाला तर तो ‘घरी लहान मूल आहे का?’ या एका प्रश्नापुरता निघतो, आणि ‘हो’ हे उत्तर नापास ठरते.

शेवटी कागदपत्रे. पोलीस पडताळणीसाठी आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेतले जातात, सोसायटीच्या फाटकावर ॲपमध्ये नोंद होते, दिवाणखान्यात कॅमेरा बसतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. मावशींची तिथे नोंदणी झाली आहे का, हे मात्र विचारायचे राहते. मावशींना कुटुंबाची पडताळणी करायची असल्यास तशी सोय नाही. त्या मालिशवाल्या बाईंना विचारतात.

तरी नियोजित मावशींनी रजा संपण्यापूर्वी किमान आठ दिवस आधी यावे, म्हणजे बाळाला त्यांची सवय होईल. या आठ दिवसांना ट्रायल म्हणतात. ट्रायलचा पगार द्यायचा का, यावर घरात एकमत झालेले नाही.

कळावे.

प्रत :
१. दोन्ही आज्या : खाड्याच्या दिवशी आळीपाळीने हजर राहण्यासाठी.
२. मालिशवाल्या बाई : अनुकूल शिफारशीसाठी.
३. बाळाचे वडील : केवळ माहितीसाठी.