दुपारच्या रागांचे वारसदार

नोकरीत असेपर्यंत भीमपलासाची आणि माझी गाठ क्वचितच पडली. तो दिवसाच्या तिसऱ्या प्रहरचा राग, आणि तिसऱ्या प्रहरी मी थकबाकीच्या फायली उपसत बसलेला. वृंदावनी सारंगाच्या वेळी डबा, मुलतानीच्या वेळी बस. जाहीर कार्यक्रम संध्याकाळचे, म्हणून ओळख वाढली ती यमन-बागेश्रीशी. कोणता राग केव्हा गावा हे भातखंड्यांनी नीट मांडून ठेवलं खरं, पण स्वतः वकिली केलेल्या या माणसाने ऑफिसच्या वेळेचा विचार केलेला दिसत नाही. त्यामुळे दुपारचे राग पोरके झाले. त्यांना वारस मिळाले ते आम्ही पेन्शनर.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या वहिनींच्या हॉलमध्ये अधूनमधून दुपारी बैठक होते. माइक नाही, निवेदक नाही, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार नाही. या शेवटच्या ‘नाही’साठी मी दुप्पट वर्गणी द्यायला तयार आहे. गायला बहुधा एखादी तिशीतली मुलगी, साथीला तबला आणि पेटी, मागे मिरजेचे दोन तानपुरे. समोर जेमतेम पंचवीस माणसं आणि पन्नास गुडघे, त्यांतले काही नवे बसवलेले. खुर्च्या मोजक्याच. मग टेकायला भिंत मिळावी म्हणून चढाओढ. सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसणाऱ्यांचं मला कौतुक आहे. मात्र मध्यंतरात त्यांना उठवायला तबलजींना डग्गा बाजूला ठेवून यावं लागतं.

बडा ख्याल आमच्या वयाला फार मानवतो. एकतालाच्या मात्रा बाराच, पण लय अतिविलंबित असली की एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. तेवढ्यात आत जाऊन बीपीची गोळी घ्यावी, वर दोन घोट पाणी प्यावं आणि समेला परत जागेवर यावं. डुलकीचीही सोय आहे. मान पेंगेने खाली गेली तरी ती समेवर गेली म्हणजे झालं. गायिका हसून नमस्कार करते.

घरातलं गाणं म्हटल्यावर घरही गाणारच. दारावरची बेल वाजते, रस्त्यावरून भंगारवाला जातो, वरच्या मजल्यावर कुकर होतो. एकदा गायिकेची पट्टी काळी चार आणि कुकरची शिट्टी त्याच्या अगदी जवळ. तिने शिट्टी संपेपर्यंत षड्ज धरून ठेवला. पहिल्यांदा ‘वा!’ कुणी म्हटलं असेल तर पेटीवाल्याने.

आता कानातलं यंत्र. ते मुळात बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं. एकसारखा चाललेला आवाज दिसला की पंख्याची घरघर समजून ते दाबायला बघतं. लांबवलेला सूर आला की ती आपलीच शिट्टी समजून कापायला धावतं. तानपुऱ्याने आणि तार षड्जाने जायचं कुठे? आयुष्यभर सूर शोधला आणि उतारवयात कानातच एक अरसिक बसवून घेतला! तपासणाऱ्या मुलीला अडचण सांगितली तेव्हा तिने यंत्रात संगीतासाठीची वेगळी सोय चालू करून दिली आणि म्हणाली, “काका, आता हे स्वतःचं शहाणपण करणार नाही.” काही श्रोत्यांनाही अशी सोय करून देता आली तर बरं होईल. विशेषतः राग ओळखता आल्याबरोबर त्याचं नाव शेजाऱ्याच्या कानात सांगणाऱ्यांना.

कधीकाळी रमणबागेत घोंगडी पांघरून सवाई गंधर्व महोत्सवाला रात्र रात्र बसायचो. पुढे 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरवर बंदी आणली आणि दरबारी-मालकंसाची पंचाईत झाली. मला त्याचं वाईट वाटतं. पण दहा वाजता मीच मिटत असल्यामुळे नियमाविरुद्ध फार बोलत नाही. शिवाय ते गाणं कर्ण्यातून यायचं. इथे ते गळ्यातून येतं. तान घेण्याआधीचा श्वास ऐकू येतो, तबल्यावर हातोडी पडते ती ऐकू येते, खुंटी पिळताना गायिका पुटपुटते तेही.

साडेपाचच्या सुमाराला भैरवी. सकाळची रागिणी, पण मैफल संपवायचा मान तिचाच. भैरवी रंगात आली की बायको कोपराने ढोसते, “अहो, उठा, नातवाची बस येईल.” उठायला वेळ लागतो हे तिला माहीत असतं, म्हणून ती आधीच सांगते.

एक विनंती. तुमचा हॉल बरा मोठा असेल आणि वरच्या मजल्यावरच्यांची हरकत नसेल, तर एखाद्या दुपारी तीनला आम्हाला बोलवा. बिदागीची वर्गणी आम्ही जमवू, सतरंज्या आणू, चहाचे कपही विसळून ठेवू. खुर्च्या तेवढ्या जास्त मांडा.