बचतीला आलेला खर्च

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे एसी आला. गारव्यासाठी नव्हे, बचतीसाठी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण 'यांना परवडतं म्हणून घेतला' अशी सोसायटीत उगाच बोलवा झाली आहे. खरं म्हणजे न घेणं परवडेनासं झालं, म्हणून घेतला.

सुरुवात झाली २२ सप्टेंबर २०२५ ला. त्या दिवशी एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या रात्रीपासून चिरंजीव ताटावर बसले की म्हणू लागले, "बाबा, आपण रोज दहा टक्के घालवतोय." जी वस्तू घ्यायचं मनातही नाही, तिच्यावर रोज दहा टक्के घालवता येतात हे मला बीकॉमला कुणी शिकवलं नव्हतं. मी कागद घेऊन दाखवलं, की १२८ चे ११८ झाले म्हणजे किंमत आठ टक्क्यांनीसुद्धा उतरत नाही. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे सात-साडेसात तरी घालवतोयच ना?"

मग मी करांचा थोडा अभ्यास केला. एसी एका ताऱ्याचा असो की पाच ताऱ्यांचा, कर तेवढाच. तीस-पस्तीस वॉटवर फिरणारा नवा बीएलडीसी पंखा आधीही १८ टक्क्यांत होता, आजही तिथेच आहे. म्हणजे पंखा आपल्या पाटावर बसून राहिला आणि एसी उठून त्याच्या पंगतीला येऊन बसला. मातीच्या माठावर मात्र कर शून्य. हे मी आईला सांगितलं. आई ७८ वर्षांची आहे. उन्हाळ्यात ती खिडकी सताड उघडी टाकून, उशाशी वाळा घातलेल्या पाण्याचा तांब्या ठेवून झोपते आणि सकाळी आमच्यापेक्षा ताजी उठते. ती म्हणाली, "माठात कुणाला काही सुटत नाही. मग माठाचं नाव कोण काढणार?"

शेवटी दुकानात गेलो. टाय लावलेला एक हसरा मुलगा पुढे आला. तीन ताऱ्यांचा दीड टनी एसी ३७ हजारांना, पाच ताऱ्यांचा ४६ हजारांना. मी वरच्या नऊ हजारांकडे बोट दाखवलं तर म्हणाला, "सर, तो खर्च नाही, सेव्हिंग आहे." त्याने लेबल दाखवलं. तीन ताऱ्यांचा वर्षाला हजार युनिट खातो, पाच ताऱ्यांचा ७८०.

आता त्या लेबलाचीही एक गंमत आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोचा हा वार्षिक आकडा वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून काढलेला असतो. मी त्या मुलाला विचारलं, "आम्ही १६०० तास लावलाच नाही तर?"

"मग सेव्हिंग कमी होईल, सर."

"दोनशेच तास लावला तर?"

त्याचा चेहरा उतरला. "मग तुमचा लॉस आहे, सर."

मी मनातल्या मनात हिशेब केला. युनिटला अकरा रुपये धरले तर १६०० तासांवर वर्षाला अडीच हजारांच्या आतबाहेर वाचतात आणि वरचे नऊ हजार चारेक वर्षांत वसूल होतात. दोनशेच तासांवर तीनशे रुपये वाचतात आणि वसुलीला तीस वर्षं लागतात. म्हणजे आई १०८ वर्षांची होईल तेव्हा आम्ही फायद्यात येऊ. यातून एकच शहाणपणाचा मार्ग निघत होता: भरपूर वाचवायचं असेल तर भरपूर लावायचा. लहानपणी मला शिकवलेली काटकसर नेमकी उलट बाजूने धरलेली होती, हे त्या दिवशी कळलं.

शिवाय हे तारेही स्थिर नसतात. निकष वेळोवेळी कडक होतात. २०२२ च्या जुलैत ते बदलले तेव्हा आदल्या रात्री पाच ताऱ्यांचा असलेला एसी सकाळी चार ताऱ्यांचा होऊन उठला. भिंतीवर लटकलेल्या यंत्राची इतकी बिनबोभाट पदावनती सरकारी खात्यातही होत नसेल.

"जुना एसी आहे का, सर? चार हजार एक्स्चेंज बोनस आहे."

मी म्हटलं, "एसी नाही. पंखा आहे, माठ आहे."

"सॉरी सर, सेम कॅटेगरी लागते."

ही अट काही त्या मुलाच्या मनातली नाही. दिल्लीत वीज वितरण कंपन्यांनी अशाच योजना राबवल्या: जुना एसी आणून द्या, पाच ताऱ्यांचा नवा निम्म्याहून कमी किमतीत घेऊन जा. योजना चांगली आहे. जुने, तहानलेले एसी भर दुपारच्या मागणीतून बाहेर पडतात, कंपनीलाही महाग वीज कमी घ्यावी लागते. फक्त ज्याने जन्मात एसी लावला नाही, त्याच्यासाठी तिच्यात काही नाही. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे आधी चोरी करायला हवी होती, मग सोडल्याचं बक्षीस मिळालं असतं." नंतर तिने बोटांवर हिशेब सुरू केला. वर्षाला ७८० युनिट, अकरा रुपये दराने साडेआठ हजार, गेली चाळीस वर्षं. "साडेतीन लाखांच्या आसपास होतात. कुठे अर्ज करायचा?" चिरंजीवांनी मोबाइलवर शोधलं. न घेतलेल्या एसीसाठी पोर्टल नव्हतं.

आपल्याकडेच असं आहे म्हणून खट्टू होऊ नये. इटलीने २०२० मध्ये 'सुपरबोनस' काढला. घराला उष्णतारोधक आच्छादन घाला, जुना बॉयलर काढून हीट पंप बसवा, खर्चाच्या ११० टक्के करसवलत घ्या. शंभराचं काम करा, एकशे दहा मिळवा. आमच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं हुज्जत घालणारी बाई घ्या. तिला भाजीवाल्याने सांगितलं, की दहा रुपये द्या, मी अकरा परत करतो, तर ती लगेच म्हणेल, "वीसला लाव ना!" इटलीत तेच झालं. भाव करणारं कुणी उरलं नाही, परातीएवढ्या घोटाळ्यांच्या चौकशा लागल्या आणि सरकारचं बिल शंभर अब्ज युरोंच्या पुढे गेलं.

उत्तर आयर्लंडची तऱ्हा तर याहून न्यारी. तिथे २०१२ च्या नोव्हेंबरात व्यवसायांसाठी योजना निघाली: तेल-गॅस सोडा, लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा बॉयलर बसवा, जेवढी उष्णता कराल तेवढं अनुदान घ्या. वर मर्यादा घालायची राहून गेली. अनुदान इंधनापेक्षा जास्त निघालं. एक पौंडाचं लाकूड जाळा, एक पौंड साठ पेन्स खिशात टाका. एक शेतकरी रिकामी शेड तापवत बसलाय असा आरोपही झाला. अपेक्षेपेक्षा ४९ कोटी पौंड जास्त जातील असा अंदाज आला, २०१७ च्या जानेवारीत उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि सरकार कोसळलं ते तीन वर्षं उभं राहिलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये चौकशीचा अहवाल आला. त्याचं सार असं, की यात लबाडीपेक्षा गलथानपणाच जास्त होता. एवढा दिलासा कुठल्याही सरकारला पुरेसा असतो.

याउलट जे साधलं त्याच्या बाजूला कुणी उभं राहून फोटो काढत नाही. २०१५ मध्ये 'उजाला' योजना आली. ग्राहकाला अनुदान दिलं नाही, घाऊक निविदा काढत गेले. २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब ३८ रुपयांपर्यंत उतरला आणि ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. आमच्याकडेही चार आले. पण बल्ब घेऊन पाहुण्यांना काय सांगणार? "या, बसा, पिवळा जाऊन पांढरा आलाय" असं कुणी म्हणत नाही. मिरवता येत नाही अशी बचत आमच्या घरात बचत म्हणून धरलीच जात नाही.

आणि मिरवण्याची हौस काही माझी एकट्याची नाही. पुण्यात सौर यंत्रणा बसवलेल्या घराला मिळकतकरात पाच टक्के सवलत मिळते. आमच्या सोसायटीने गच्चीवर सौर बंब बसवले तेव्हा पेढे वाटले होते. वरच्या मजल्यांना चटका बसेल इतकं गरम पाणी आणि तळमजल्यावरचे काका दोन बादल्या गार पाणी गटारात सोडून तिसऱ्या बादलीची वाट पाहत उघडे उभे, अशी चार-पाच वर्षं गेली. नंतर नळ्यांत क्षार साठले, टाकी गळायला लागली आणि आता तिच्याखाली पारव्यांचं कुटुंब राहतं. दर सर्वसाधारण सभेत दुरुस्तीचा विषय निघतो आणि खजिनदार दर वेळी तेच उत्तर देतात: "दुरुस्तीला चाळीस हजार लागतील. सवलत तर तशीही चालू आहे." मग सगळे आपापले विजेचे गिझर लावायला घरी जातात. यंदा कुणीतरी सौर पॅनेलचा विषय काढला. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार मिळतात. दीड तास चर्चा होऊन ठरलं, की पापड कुठे वाळवायचे हे नक्की झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

असो. एसी बसवायला दोघं आले. स्टँडचे वेगळे, स्टॅबिलायझरचे वेगळे, तीन फुटांवरच्या कॉपर पाइपचे फुटाप्रमाणे वेगळे. जीएसटीत जे वाचलं होतं ते सगळं भिंतीला पाडलेल्या त्या भोकातून बाहेर गेलं. जाताना टायवाल्या मुलाचा मेसेज आला: 'ओळखीच्यांना रेफर करा, ५०० रुपयांचं व्हाउचर मिळवा.'

१ जानेवारी २०२० पासून एसी सुरू केला की आपोआप २४ अंशांवर लागतो, तशी सक्तीच आहे. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतो. पुढे २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० च्या खाली एसी जाऊच नये असा नियम आणण्याचं बोलून दाखवलं. आमच्याकडे मात्र तो १८ वर असतो आणि आत चिरंजीव गोधडी पांघरून झोपलेले असतात. ओरडलो तर म्हणतात, "फाइव्ह स्टार आहे, बाबा." हा युक्तिवाद मला पाठ आहे. बायकोने डाएट चिवडा केला तेव्हा मीही तो याच आधारावर डबाभर खाल्ला होता.

पहिलं बिल आलं. १४० युनिटवरून थेट ३९०. वरच्या टप्प्याचा दर, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि या साऱ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आमच्या बचतीतून राज्याच्या तिजोरीतही भर पडली याचं समाधान मानून मी बिल चिरंजीवांपुढे ठेवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं. "थ्री स्टार असता तर ४६० आलं असतं. सत्तर युनिट वाचवले आपण." त्या सत्तर युनिटचे पैसे नेमके कुठल्या डब्यात आहेत, ते मी अजून शोधतोय.

आता शेवटचं. एसीचा बाहेरचा पंखा डक्टमध्ये बसवलाय, समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. आतली उष्णता बाहेर टाकणं एवढंच त्याचं काम, आणि तो ते पाच तारे मिळवून करतो. आठवड्याभराने काकू वाटीभर कैरीचं पन्हं घेऊन आल्या आणि फार सौम्यपणे म्हणाल्या, "पोळ्या करताना तुमच्याकडून झोत येतो हो." पंधरा दिवसांनी त्यांनीही एसी घेतला. त्याच दुकानातून. भिडस्त बाई, विचारल्यावर त्यांनी माझंच नाव सांगितलं. माझ्या मोबाइलवर ५०० रुपयांचं व्हाउचर आलं. ऊर्जाबचतीपायी आजवर माझ्या हाती लागलेली ही एकुलती एक रक्कम.

काकूंचा बाहेरचा पंखा आईच्या खिडकीसमोर आलाय. गेले चार दिवस ती रात्री खिडकी लावून झोपते. काल सकाळी चहा घेताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो टायवाला मुलगा असेल का रे दुकानात? विचार त्याला, दुसऱ्या एसीवर काही स्कीम आहे का."